मिशनरी ट्रेनिंग सेंटरमधले पहिले आठवडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर पुण्याहून अमेरिकेतल्या युटामध्ये आलं तेव्हा मी शाळेत होते. पुढे मी लॅटर-डे सेंट्स चर्चची (लोक त्याला मॉर्मन चर्च म्हणतात) सदस्य झाले, प्रोवोच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सहा आठवडे काढले आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांमध्ये दीड वर्ष मिशन, म्हणजे चर्चची शिकवण सांगण्याचं पूर्णवेळ काम, करून आले. तेव्हापासून मराठी घरांमधून मला निरोप येत राहतात. कुणाला नुकताच मिशनचा कॉल, म्हणजे नेमणूक, आलेला असतो, कुणाच्या मुलीची बॅग भरून होत आलेली असते, तर कुणी घरातला एकटाच सदस्य असतो आणि आईवडिलांना काय सांगावं हे त्याला सुचत नसतं. विचारलं जातं ते बहुतेक तेच असतं, म्हणून उत्तरं एका जागी ठेवते आहे. इथे फक्त ट्रेनिंगच्या दिवसांबद्दल लिहिलं आहे.

एमटीसी म्हणजे नेमकं काय? तिथे काय शिकवतात?

एमटीसी म्हणजे मिशनरी ट्रेनिंग सेंटर. मिशनवर निघालेली मुलं-मुली नेमलेल्या गावी जाण्याआधी इथे राहून तयारी करतात. सर्वांत मोठं सेंटर युटामधल्या प्रोवो शहरात, ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीला लागून आहे. त्याचं मूळ भाषाशिक्षणात आहे: १९६१ मध्ये युनिव्हर्सिटीत मिशनऱ्यांना भाषा शिकवायला सुरुवात झाली, १९७६ मध्ये ते काम आजच्या जागेवर आलं आणि १९७८ मध्ये त्याला मिशनरी ट्रेनिंग सेंटर हे नाव मिळालं. मेक्सिको सिटी, साओ पाउलो, मनिला, आक्रा अशा ठिकाणीही सेंटरं आहेत. तुमचं कुठलं, ते कॉलच्या पत्रात लिहिलेलं असतं.

शिकवतात ते मुख्यतः दोन गोष्टी: समोरच्या माणसाचं ऐकून घेऊन त्याला शिकवायचं कसं, आणि गरज असेल तर नवी भाषा. पाठांतर करून घेतील असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वेळ जातो सरावात. शिक्षक बहुतेक स्वतः मिशन करून आलेले विद्यार्थी असतात, तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे.

'मॉर्मन' म्हणायचं की नाही?

चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. टोपणनावाऐवजी पूर्ण नाव वापरावं, असं २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी आवर्जून सांगितलं. शेजाऱ्यांनी 'मॉर्मन' म्हटलं तर रागावू नका, त्यांना तेवढंच माहीत असतं.

वय किती लागतं, मिशन किती दिवसांचं, आणि पगार मिळतो का?

पगार नसतो. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं, मुलींचं १८. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये वयाची अट मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ झाली. २०२५ च्या नोव्हेंबरपासून मुलीही १८ व्या वर्षी जाऊ शकतात. खर्च मिशनरी आणि त्याचं घर उचलतं. अमेरिकेतून जाणाऱ्यांना २०२० च्या जुलैपासून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, आधी ते ४०० होते. भारतातून जाणाऱ्यांचा आकडा वेगळा असतो, तो आपल्या ब्रँच प्रेसिडेंटना (ब्रँच म्हणजे छोटी स्थानिक मंडळी, तिच्या प्रमुखांना) विचारा. पैशाची अडचण असेल तर तीही संकोच न करता तिथेच बोला.

एमटीसीत किती दिवस राहावं लागतं?

नवी भाषा शिकायची नसेल तर सगळं मिळून तीनेक आठवडे. भाषा शिकायची असेल तर साधारण सहा ते नऊ आठवडे. स्पॅनिशसारखी भाषा लवकर आटोपते, जपानी किंवा मँडरिनला जास्त वेळ देतात. हल्ली यातला पहिला आठवडा घरूनच ऑनलाइन होतो.

तो घरचा ऑनलाइन आठवडा घरात माणसं असताना जमवायचा कसा?

माझ्या वेळी हा आठवडा नव्हता, त्यामुळे नंतर गेलेल्यांकडून ऐकलेलं सांगते. तुम्ही घरात असता पण घरचे नसता, आणि हे घरच्यांना कळत नाही. वर्ग चालू असताना आई कुकर बंद करायला सांगते, पाहुणे येतात, मावशी 'जायच्या आधी एकदा भेटून जा' म्हणते. दोन खोल्यांच्या घरात कोपरा मिळणंही अवघड. म्हणून आठवडा सुरू होण्याआधीच भेटीगाठी संपवा आणि वर्गाच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. वर्ग अमेरिकेच्या वेळेने असतील तर रात्रीचं गणितही घरच्यांना समजावून ठेवा. शक्य असेल तर ब्रँचमधल्या कुणाच्या घरची रिकामी खोली मागा.

पहिल्या दिवशी काय होतं? आईबाबांना आत सोडतात का?

प्रोवोला निरोप फुटपाथवरच घ्यायचा असतो. गाडी थांबते, बॅगा उतरतात, मिठी मारायला काही मिनिटं मिळतात आणि गाडी पुढे जाते. आधीपासून तिथे असलेला एखादा मिशनरी तुमची बॅग घेऊन तुम्हाला आत नेतो. मग कागदपत्रं, लसींची नोंद, छातीवर लावायची नावाची काळी पट्टी, पुस्तकं, खोली, आणि लगेच वर्ग.

आपल्याकडे स्टेशनवर अख्खं घर सोडायला येतं, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहतं. त्या मानाने हा निरोप फार तुटक वाटतो. माझी आई गाडीत बसून नंतर तासभर रडली, हे मला पुढे भावाने सांगितलं. रडायचं असेल तर आदल्या रात्री घरी निवांत रडून घ्या. दही हातावर ठेवायचं असेल तर तेही घरीच.

तिथे सगळे 'एल्डर' आणि 'सिस्टर' का म्हणतात? माझं नाव कुणी घेणार नाही का?

नाही, पुढचे अठरा किंवा चोवीस महिने तुम्ही आडनावाने ओळखले जाता. 'एल्डर' हे चर्चमधल्या याजकपदाचं नाव आहे, म्हणून अठरा वर्षांच्या मुलालाही ते लागतं. मुलींना 'सिस्टर' म्हणतात. आपल्या कानाला सिस्टर म्हणजे दवाखान्यातली नर्स, त्यामुळे पहिले दोन दिवस हाक मारली तरी मी वळून पाहत नव्हते. आडनावाचा उच्चार नीट शिकवा, पहिल्याच दिवशी, न लाजता. तो चुकीचा रुळला तर मिशनभर तसाच राहतो.

दिवस कसा असतो?

साडेसहाला उठणं, साडेदहाला दिवे बंद. मधे तीन-तीन तासांचे वर्ग, स्वतःचा अभ्यास, कंपॅनियनबरोबरचा (नेमून दिलेल्या जोडीदाराबरोबरचा) अभ्यास, जेवणं आणि रोज थोडा व्यायाम. व्हॉलीबॉल आणि फोर-स्क्वेअर सगळ्यांत लोकप्रिय. मंगळवारी आणि रविवारी संध्याकाळी मोठी सभा भरते. मंगळवारी कधीकधी बारा प्रेषितांपैकी, म्हणजे चर्चच्या सर्वांत वरिष्ठ नेत्यांपैकी, कुणी बोलायला येतात, आणि गायनवृंदात कुणालाही बसता येतं. सूर लागत नसेल तरी बसा. दिवसभर डोकं शिणल्यावर शेकडो आवाजांत आपला आवाज मिसळला की फार बरं वाटतं.

आठवड्यातला एक दिवस तयारीचा, त्याला पी-डे म्हणतात: कपडे धुणं, घरी लिहिणं, सामान आणणं. पहिल्या आठवड्यात बुधवारपासूनच वाटायला लागतं की आपण महिनाभर इथे आहोत. जुने मिशनरी नव्यांना सांगतात, 'रविवारपर्यंत तग धर.' ते खरं आहे. पहिल्या रविवारी वेग थोडा मंदावतो आणि पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं होतं.

कंपॅनियनबरोबर चोवीस तास राहायचं म्हणजे काय? एकटं राहायलाच मिळत नाही का?

हा प्रश्न मला फार कमी जण आधी विचारतात, आणि गेल्यावर जवळजवळ सगळे याबद्दलच लिहितात. मिशनरी दोघादोघांनी राहतात. कंपॅनियन तुम्ही निवडत नाही, नेमून दिलेला असतो, आणि तो कायम तुमच्या नजरेत आणि हाकेच्या अंतरात असायला हवा. वर्ग, जेवण, दवाखाना, कपडे धुणं, सगळीकडे दोघं. एकटेपण उरतं ते न्हाणीघरापुरतं. खोलीत आणखी दोन-चार जण असतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही एकत्र कुटुंबात वाढलो, आम्हाला काय. मलाही तसंच वाटलं होतं. पण घरातल्या गर्दीत आपल्याला कुणी लक्ष देऊन बघत नसतं. आजी जपमाळ ओढते, भाऊ मोबाइलमध्ये असतो, आणि त्या गोंगाटात आपण मनातल्या मनात एकटे असू शकतो. इथे मात्र एक अनोळखी माणूस तुमची मनःस्थिती रोज पाहतो, तुमच्याबरोबर गुडघे टेकून प्रार्थना करतो, तुम्ही शिकवताना चुकलात तर शेजारीच बसलेला असतो. घरच्या आठवणीपेक्षा मला हे जड गेलं.

माझ्या कामी आलं ते असं. सकाळची अर्ध्या तासाची हालचाल मी पळण्यासाठी ठेवली. कंपॅनियनही त्याच ट्रॅकवर होती, पण दोघी आपापल्या वेगाने पळायचो आणि बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. रात्री दिवे जाण्याआधी दहा मिनिटं डायरी, मराठीत. ती लिपी तिथे दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती, आणि त्या दोन पानांवर मी पूर्ण एकटी असायचे.

कंपॅनियनशी अजिबात पटत नाही. बदलून मिळतो का?

एमटीसीत सहसा नाही. आठवडे मोजकेच असतात आणि पुढे मिशनवर दर काही आठवड्यांनी तसेही बदल होतात. पण 'पटत नाही' याचे दोन अर्थ असतात, ते वेगळे करा.

तो घोरतो, ती उशीर करते, तो सतत बोलतो, ती हसून टाकते: यासाठी आठवड्यातून एकदा दोघांनी बसून मोकळं बोलायची पद्धतच घालून दिलेली आहे. आपण मराठी माणसं इथे कमी पडतो. मनात ठेवतो, तोंडाने 'काही नाही' म्हणतो आणि चेहऱ्यावर सगळं दिसतं. मी तीन आठवडे तेच केलं. माझी कंपॅनियन आयडाहोची, शेतावर वाढलेली, तोंडावर बोलणारी. मला ती उद्धट वाटायची, तिला मी रुसकी. शेवटी तिनेच विचारलं, 'काही नाही म्हणतेस तेव्हा काय असतं?' सांगायला घेतलं तर फार थोडं निघालं.

शिवीगाळ, धमकी, अंगावर येणं, त्वचेच्या रंगावरून किंवा देशावरून बोलणं: हे सहन करायचं नाही. त्याच दिवशी आपल्या ब्रँच प्रेसिडेंटना किंवा सेंटरच्या प्रमुखांना सांगा. ही चुगली होत नाही.

रात्री रडू येतं. माझा विश्वास कमी आहे का?

नाही. हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगते, कारण या एका गैरसमजापायी चांगली मुलं आतल्या आत कुढत राहतात.

एका आठवड्यात तुमचं अंथरूण, जेवण, भाषा, फोन, मित्र, झोपेची वेळ आणि नावसुद्धा बदललेलं असतं. शरीर याला ताण म्हणूनच ओळखतं. भूक जाते किंवा फार लागते, झोप उडते, छाती धडधडते. नेमका त्याच वेळी आजूबाजूला प्रत्येकजण 'किती छान वाटतंय' म्हणत असतो, म्हणून वाटतं की आपल्यातच काही कमी आहे. रात्री आमच्या खोलीतल्या सहापैकी चौघी उशीत तोंड खुपसून रडत होत्या. दिवसा कुणी बोलत नव्हतं इतकंच.

चर्चने २०१३ मध्ये मिशनऱ्यांसाठी ताणाबद्दल एक पुस्तिका काढली, तिच्यात ताणाचे चार रंग केले आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळ्यात अवघड जातंय पण सावरता येतंय. नारिंगीत थकवा उतरत नाही, झोप-भूक बिघडते. लाल म्हणजे आता दुसऱ्याची मदत हवीच. मला ही वाटणी आवडते, कारण 'मी नारिंगीत आहे' हे वाक्य 'मला जमत नाहीये' पेक्षा तोंडातून सहज निघतं. नारिंगीत असतानाच सांगा, लाल होण्याची वाट पाहू नका. प्रोवोला दवाखाना आहे आणि समुपदेशकही आहेत.

मी चिंतेवरची किंवा नैराश्यावरची गोळी घेतो. अर्जात लिहू की लपवू?

लिहा. अर्जातच, डॉक्टरांच्या कागदांसह. गोळी चालू असताना अनेकजण मिशन करतात. बिघडतं ते लपवल्यामुळे, किंवा 'आता देव सांभाळेल' म्हणून निघण्याआधी गोळी बंद केल्यामुळे. डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका. पुरेशा गोळ्या आणि इंग्रजीत लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत ठेवा. आयांनो, 'लग्नाच्या वेळी कळलं तर' या भीतीने कागद दडवू नका, कळकळीने सांगते.

घरी फोन करता येतो का?

येतो, आठवड्यातून एकदा, पी-डेला. २०१९ च्या फेब्रुवारीपासून ही मुभा आहे. त्याआधी फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डे. मी त्या जुन्या नियमातली, म्हणून आताच्या मुलांचा हेवा वाटतो. ई-मेलही त्याच दिवशी.

युटा आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेअकरा. तुमची सकाळ म्हणजे घरची रात्र. वार आणि वेळ सेंटरमध्ये गेल्यावरच कळते, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पहिल्या फोनला काही दिवस लागतील. एक विनंती पालकांना: त्या फोनवर घरातली भांडणं, उसने पैसे, शेजाऱ्यांचं बोलणं काढू नका. ते मूल आठवडाभर तेच डोक्यात घेऊन वर्गात बसतं.

जेवणाचं काय? शाकाहारी आहे, आणि चहाशिवाय सकाळ होत नाही.

कॅफेटेरिया मोठा आहे, हवं तेवढं घ्या. शाकाहाऱ्यांना सॅलड, भात, चीज, अंडी चालत असतील तर अंडी, फळं, ब्रेड मिळतं. पोळी-भाजी मिळणार नाही. तिखट काही नसतं, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात जिभेला कंटाळा येतो. सीलबंद चटणीची छोटी बाटली नेण्याआधी कस्टम्सचे नियम बघा. गोड मात्र मुबलक, आणि दिवसभर बसून अभ्यास, म्हणून वजन वाढतं.

चहा तुम्ही सदस्य झालात तेव्हाच सुटला असेल, कारण चहा, कॉफी, दारू, तंबाखू चर्चमध्ये वर्ज्य आहेत. सुटला नसेल तर निघण्याआधी महिनाभर सोडा. डोकेदुखी घरी होऊन जाऊ द्या.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो, दोन जेवणांचा, पाण्याशिवाय. साबुदाण्याची खिचडी यात बसत नाही. मधुमेह किंवा इतर आजार असेल तर करायचा नाही, हे चर्चच सांगतं.

हवा मानवेल का?

प्रोवो समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवर आहे आणि हवा अतिशय कोरडी. मुंबई-कोकणच्या माणसाचे पहिल्या आठवड्यात ओठ फुटतात, नाकातून थोडं रक्तही येऊ शकतं. पाणी पीत राहा, व्हॅसलीन ठेवा. हिवाळ्यात बर्फ पडतो, कोट तिथेच घ्या. सर्दी सगळ्यांना होते, एका खोलीतून दुसरीकडे फिरत राहते.

सहा आठवड्यांत भाषा येते का?

अस्खलित नाही. पण पहिल्याच वर्गात शिक्षक नव्या भाषेतच बोलतात आणि पहिल्या आठवड्यातच तुम्हाला त्या भाषेत कुणाला तरी शिकवायला बसवतात. तो 'कुणीतरी' म्हणजे भूमिका करणारा शिक्षक किंवा बाहेरून आलेला स्वयंसेवक असतो. माझा पहिला धडा वीस मिनिटांचा होता, त्यातली बारा मी गप्प होते.

मराठी माणसाला इथे एक लाभ आहे, तो कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. स्पॅनिशमध्ये 'मला पुस्तक आवडतं' हे 'मे गुस्ता एल लिब्रो' असं म्हणतात, अगदी आपल्यासारखं: पुस्तक आवडतं, मला. इंग्रजीतून विचार करणारी मुलं यावर दिवसच्या दिवस अडखळतात. आमच्या वर्गात मला ते दुसऱ्या मिनिटाला कळलं, कारण ते मला जन्मापासून येत होतं. 'तू' आणि 'तुम्ही' मधला फरक, लिंगानुसार बदलणारी विशेषणं, दातांजवळचे त आणि द, हे सगळं आपल्याकडे आहेच. तेव्हा नवी भाषा इंग्रजीतून शिकवली तरी मनात मराठीशी ताडून पाहा.

रविवारी भाषण करावं लागतं म्हणे?

तयार सगळ्यांनी करायचं, छोटंसं, मिशनच्या भाषेत. कुणाचं नाव घेतलं जाईल ते सभेतच कळतं. चार साधी वाक्यं पुरतात.

व्हिसा आलाच नाही तर?

ट्रेनिंग संपूनही व्हिसा लांबला तर बहुतेकदा तात्पुरतं दुसऱ्या मिशनमध्ये पाठवतात आणि व्हिसा आला की मूळ जागी. हा शिक्षा भोगण्याचा काळ नाही. बॅग मात्र पूर्ण उघडू नका.

मधेच परत यायचं ठरवलं तर? लोक काय म्हणतील?

परत येता येतं. तुम्हाला कुणी डांबून ठेवत नाही. आधी बोला (रडण्याबद्दलचं उत्तर पाहा), दोन-चार दिवस द्या, तरीही नाही म्हणायचं असेल तर तसं सांगा. तब्येतीमुळे परत आलेले अनेकजण बरे होऊन पुन्हा जातात, काहीजण घरी राहून सेवा-मिशन करतात. तेही चर्चच्या नजरेत मिशनच आहे. लोक बोलतील, हे खरं. त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी घरातल्या मोठ्यांनी घ्यावी, त्या मुलावर टाकू नये.

आईवडील हिंदू आहेत, मी एकुलता एक मुलगा. मी तिथे असताना घरात काही बरंवाईट झालं तर?

हा प्रश्न मला दोन वर्षांत पाच जणांनी विचारला, प्रत्येकाने रात्री उशिरा.

निरोप सेंटरच्या किंवा मिशनच्या प्रमुखांमार्फत येतो आणि तुम्हाला लगेच घरी बोलता येतं, पी-डेची वाट पाहावी लागत नाही. बरेच मिशनरी थांबतात, काही घरी जातात. ते तुम्ही, घरचे आणि प्रमुख मिळून ठरवता. युटाहून महाराष्ट्रात पोचायला दिवसाहून जास्त लागतो, म्हणजे थांबवून ठेवलं नाही तर अंत्यदर्शन होत नाही. म्हणून निघण्याआधी आईवडिलांसमोर बसा आणि विचारा: अग्नी कोण देईल, दहाव्याला कोण बसेल, मी यावं असं तुम्हाला वाटतं का. विषय अभद्र वाटेल, आई 'असं बोलू नकोस' म्हणेल. तरी विचारा. चुलतभावाला सांगून ठेवा. या विधींत स्वतः काय करायचं याबद्दल मनात घालमेल असेल तर तीही आपल्या ब्रँच प्रेसिडेंटशी आधीच बोला.

माझी आजी गेली तेव्हा मी एमटीसीत पाचव्या आठवड्यात होते. आईशी फोनवर बोलले, थांबायचं ठरवलं. त्या संध्याकाळी वर्गात गेले नाही. आयडाहोची ती कंपॅनियन माझ्याबरोबर जिन्यात बसून राहिली, काही न बोलता. बऱ्याच वेळाने तिने तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, आजी कशी होती? तेवढ्या स्पॅनिशमध्ये मला एकच वाक्य पूर्ण बरोबर जमलं: 'आ मी आबुएला ले गुस्ताबा एल ते.' माझ्या आजीला चहा आवडायचा.